लाडाचा ससा अंगावर धावून येतो: छोट्या 'वेगळ्या' प्राण्यांच्या वागण्याबद्दल बोलूया

मृद्गंध
नमस्कार मंडळी. कुत्र्यामांजरांवर इथे ढिगाने धागे आहेत. पण ससे, हॅमस्टर, गिनीपिग, पक्षी, कासवं यांचं शोधायला गेलं की 'नाव सुचवा'च्या पुढे गाडी सरकलेली दिसत नाही. म्हणून हा धागा.

आमच्याकडे एक सशीण आहे, कापूस. वय सात महिने. आली तेव्हा दोन महिन्यांची होती आणि मांडीवर पसरून झोपायची. गेले तीन आठवडे मात्र पिंजऱ्यात हात घातला की घशातून गुरगुरते (हो, ससा गुरगुरतो, मलाही आत्ताच कळलं) आणि पुढचे दोन्ही पाय आपटत अंगावर येते. परवा करंगळीला दात लागले. रक्त फार नाही आलं, पण अपमान बराच झाला. काल तर कमालच. पलंगावर उडी मारली, माझ्याकडे बघितलं आणि मुतली. मुद्दाम!

नवरा म्हणतो, तू लाडावून ठेवलीस. मुलगी म्हणते, "आई, ती टीनएजर झालीय." मी म्हणते, माझं काय चुकलं? अनुभवी लोकांनी लिहा. दुसऱ्या प्राण्यांबद्दलही लिहा, धागा सगळ्यांच्या उपयोगी पडेल.

उनाड_वारा
माझ्याकडे बघत मुतली, हे वाचून चहा नाकातून आला. क्षमस्व. बोट कसं आहे?

सूज्ञ_सल्लागार
यात न कळण्यासारखं काय आहे? मालक कोण ते तिला एकदा कळू द्या. गुरगुरली की मान धरून जमिनीवर दाबून ठेवायचं, नाकावर हलकी टिचकी मारायची. चार दिवसांत सुतासारखी सरळ होते. मी तीन ससे असेच सरळ केलेत.

रात्रपाळी
सशांचं माहीत नाही, पण 'मुद्दाम' या शब्दावर अडलो. माझा हॅमस्टर रोज रात्री दोन ते चार पिंजऱ्याचे गज चावतो. कटकटकटकट. मीही वर्षभर समजत होतो की मला झोपू द्यायचं नाही म्हणून मुद्दाम करतो. नंतर लक्षात आलं की त्याच्या लेखी मी अस्तित्वातच नाही. त्याला फक्त बाहेर जायचंय.

डॉ_शेपूट
मी पशुवैद्य. छोटे प्राणी आणि पक्षी जास्त बघतो. इथून तपासता येत नाही, तेव्हा हे निदान समजू नका.

आधी सूज्ञ यांच्याबद्दल. कृपया असं करू नका. ससा हा दुसऱ्याच्या तोंडी जाणारा प्राणी आहे. वरून दाबलं की तो 'मालक ओळखत' नाही, त्याला वाटतं आपण मेलो. मग जो शांत पडून राहतो तो सुधारलेला नसतो, भीतीने थिजलेला असतो. वर सशाची हाडं हलकी आणि मागच्या पायांत ताकद अफाट. धरलेल्या अवस्थेत जोरात झटका मारला तर स्वतःचाच कणा मोडून घेतो. अशा केसेस आल्यात माझ्याकडे.

आता कापूस. मृद्गंधताई, तुमच्या मुलीला बक्षीस द्या. ससे साधारण चार ते सहा महिन्यांत वयात येतात. त्या सुमारास हद्द राखणं, गुरगुरणं, जिथे तिथे मुतणं हे सगळं सुरू होतं. पण फक्त 'हार्मोन' म्हणून सोडूनही देऊ नका. हे प्राणी दुखणं लपवतात. सशाचे दात जन्मभर वाढत असतात, आणि सुकं गवत कमी पडलं की दाढांना धारदार टोकं येऊन ती गालाला, जिभेला टोचतात. तोंड दुखणारा ससा चिडका होणारच. तेव्हा आधी दाढांसकट तपासणी, मग वागण्याचा विचार.

आणि एक: हात समोरून, नाकाच्या दिशेने नेता का? सशाला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, पण नेमकं नाकासमोर आणि हनुवटीखाली दिसत नाही. तिथे अचानक काही आलं की तो आधी चावतो, मग बघतो.

मृद्गंध
बापरे. हो, हात नेहमी समोरूनच. आणि वाटीही तिच्या नाकाखालीच सरकवते. मुलीला सांगितलं, ती आता घरात भलतीच तोऱ्यात फिरतेय.

सूज्ञ_सल्लागार
डॉक्टरांचा आदर आहे, पण आमचे ससे दहा वर्षं जगले. पुस्तकी ज्ञान वेगळं.

गप्पिष्ट_आजी
दहा वर्षं जगले ते तुझ्या टिचकीने जगले का रे बाळा? गवताने जगले.

माझ्याकडे दोन गिनीपिग आहेत. आधी एकच होता. नातवाने आणला, नातू शिकायला गेला, गिनीपिग माझ्याकडे राहिला. नुसता कोपऱ्यात बसायचा. मी म्हणायची, काय गुणी आहे, मुळी त्रास नाही. दुसरा आणल्यावर कळलं की गिनीपिग किती बोलतात! शीळ काय, घुरघुर काय, आनंद झाला की लाहीसारखे जागच्या जागी उडतात. पहिला 'गुणी' नव्हता, एकटा होता. तेव्हापासून मला शांत प्राण्याचीच जास्त धास्ती वाटते.

पिंपळपान
आजी, +१००. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून कायदाच आहे, गिनीपिगसारखे कळपाने राहणारे प्राणी एकटे ठेवता येत नाहीत.

पण उलटंही असतं बरं का. सीरियन हॅमस्टरला सोबत दिली तर भांडून एक जण मरू शकतो. तेव्हा 'एकटा आहे बिचारा' हे प्राणी बघून म्हणावं.

रात्रपाळी
यावरून एक अवांतर. आज घराघरांत दिसणाऱ्या सीरियन हॅमस्टरांची बहुतेक सगळी वंशावळ १९३० साली अलेप्पोजवळ सापडलेल्या एकाच कुटुंबावर जाते. अहारोनी नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने शेतात खोल खणून मादी आणि तिची पिल्लं मिळवली. त्यातली काही पिल्लं पुढे लाकडी पिंजरा कुरतडून पळाली. म्हणजे गज चावणं हे आमच्याकडे खानदानी आहे.

उनाड_वारा
पिंजरे कुरतडणारं घराणं!!! रात्रपाळी, आता तक्रार करायची नाही, वारसा जपायचा.

डॉ_शेपूट
रात्रपाळी, 'खोल खणून' हे तुम्हीच लिहिलंत. तुमच्या हॅमस्टरच्या पिंजऱ्यात भुसा किती जाडीचा आहे?

रात्रपाळी
मोजला. तीन बोटं.

डॉ_शेपूट
मग तुमचं उत्तर तिथेच आहे. हा बिळात राहणारा प्राणी आहे. निदान ३०-४० सेंमी थर द्या, तोही वासाचा नको. देवदार-पाइनचा भुसा टाळा, कागदाचा चालेल. त्यात थोडं सुकं गवत मिसळा म्हणजे बोगदा ढासळत नाही. पिंजऱ्याची जमीनही वाढवा. चाक किती मोठं? धावताना पाठ वर वाकत असेल तर लहान आहे. सीरियनला २८ सेंमीच्या आसपास लागतं. दिवसा उठवू नका, आणि त्याला काढण्यापूर्वी हात धुवा. नजर अधू असते, नाक तिखट. हाताला खाण्याचा वास असेल तर तो तुम्हाला चावत नाही, जेवतो.

स्पष्टवक्ता
सगळं वाचलं. कोणीच बोलत नाही म्हणून मी बोलतो. ४० सेंमी भुसा, २८ सेंमी चाक, जोडीदार, रात्रीचं जागरण... एवढं सगळं लागतं तर हे प्राणी पाळायचेच कशाला? प्रश्न प्राण्याच्या वागण्याचा नाहीच. दोन फूट पिंजऱ्यात कोंडून वर विचारायचं, 'हा असा का वागतो?' तुम्हाला कोंडलं तर तुम्हीही गज चावाल.

चांदणफूल
स्पष्टवक्ता, राग येऊ देऊ नका, पण तुमचं अर्धं पटलं. माझ्याकडे शुगर ग्लायडर आहेत (झाडावरून झाडावर तरंगत जाणारे, खारीएवढे निशाचर प्राणी). पहिला एकटा आणला होता, विकणाऱ्याने सांगितलं होतं की एकटा असला की माणसाला जास्त जीव लावतो. सहा महिन्यांत स्वतःची शेपटी चावायला लागला. रात्री दिवा लावला तर शेपटीचं टोक ओलं, लाल, आणि तो ते तोंडात धरून बसलेला. तो चावण्याचा आवाज अजून कानात आहे. शेवटी टोक कापावं लागलं. त्यानंतर जोडीदार आणला आणि चावणं थांबलं. आज मला कोणी विचारलं 'घेऊ का', तर मी 'नको' म्हणते. पण जे आधीच घरात आहेत त्यांचं काय? त्यांच्यासाठीच हा धागा आहे ना?

स्पष्टवक्ता
त्यांच्यासाठी असेल तर माझी हरकत मागे. शेपटीचं वाचून वाईट वाटलं.

चांदणफूल
थोडं हलकं सांगते. आमच्या नराच्या डोक्यावर मधोमध टक्कल पडलं. मी घाबरून तेल लावायच्या बेतात होते. डॉक्टर म्हणाल्या, वयात आलेल्या नराची ती गंधग्रंथी आहे, तेल आवरा.

काटेरी
असाच माझा किस्सा. पाळीव साळूने (आफ्रिकन हेजहॉग, अंगावर काटे असलेला छोटा प्राणी) रात्री अकरा वाजता माझा नवा चामडी बूट चघळला, तोंडाला फेस आला, मग मान अशी वळवली की आता तुटते, आणि तो फेस स्वतःच्या काट्यांवर थुंकायला लागला. मी डॉक्टरांना फोन केला की याला रेबीज झालाय. पलीकडे मोठा श्वास. मग, "झोपा." नवा तीव्र वास आला की हे लोक असं करतात. नॉर्मल आहे.

हे मात्र नॉर्मल नाही: हेजहॉग थंड, सुस्त, डुलत चालणारा दिसला तर 'झोपाळू आहे' म्हणू नका. खोली गार पडली की ही जात शीतनिद्रेत जायचा प्रयत्न करते आणि तो तिला झेपत नाही. हळूहळू ऊब द्या आणि डॉक्टर गाठा.

उनाड_वारा
साळू नव्हे हो, साळू म्हणजे साळिंदर, ते वेगळं. पण 'पलीकडे मोठा श्वास' साठी माफ.

पिंपळपान
पक्ष्यांचं लिहिते, जरा लांब होईल.

माझ्याकडे एक कॉकाटील आहे (तुरेवाला छोटा पोपट; लोक कॉकटेल म्हणतात, मीही म्हणते). गेल्या वर्षी ओरडायला लागला. ओरडणं म्हणजे कसं, मी खोलीतून बाहेर पाऊल टाकलं की सुरू, परत आले की बंद. मी काय करायची? धावत येऊन "गप्प बस" म्हणून ओरडायची. त्याच्या दृष्टीने हिशोब सोपा होता: ओरडलो की ती येते, आणि वर माझ्याशी बोलतेही! मी त्याला शिस्त लावत नव्हते, तोच मला बोलवायला शिकला होता.

हे पक्षी थव्यात 'मी इथे आहे, तू कुठे?' असं सतत विचारत असतात. उत्तर आलं नाही की आवाज चढतो. मग मी जाताना एक ठरलेली शीळ घालायला लागले, आणि आतून त्याने ओरडण्याऐवजी शीळ घातली तर लगेच शीळेने उत्तर. ओरडला तर काही नाही. पहिले दहा दिवस ओरडणं दुप्पट झालं, शेजाऱ्यांची क्षमा मागितली. इथेच बहुतेक जण हरतात. अकराव्या दिवशी हरून मी धावत गेले असते, तर 'जास्त जोरात ओरडलं की येते' एवढंच तो शिकला असता.

पाठीवर, पंखांखाली हात फिरवू नका, डोकं आणि मान एवढंच. बाकी अंगाला हात लावणं म्हणजे त्यांच्याकडे जोडीदारीचं आमंत्रण. मग पक्षी तुम्हाला जोडीदार मानतो आणि नवऱ्याला चावतो. झोप दहा-बारा तास, अंधारात. कॉकाटील रात्री अचानक घाबरून पिंजरभर फडफडतात, तेव्हा कोपऱ्यात मिणमिणता दिवा ठेवा.

उनाड_वारा
"तुम्हाला जोडीदार मानतो आणि नवऱ्याला चावतो." हे आमच्याकडे पोपटाशिवाय चाललंय.

मावळतीचा_रंग
पिंपळपान, आमची बजी (सगळे लव्हबर्डच म्हणतात, पण आहे बजी) पिसं उपटते. एकटेपणा असेल ना? सोबतीला आरसा लावलाय.

पिंपळपान
आधी आरसा काढा. ती त्यात जोडीदार बघते, त्याला भरवायला जाते आणि त्याच्यापायी माणसाकडे पाठ फिरवते. मग एक सांगा: डोक्यावरची पिसं आहेत का?

मावळतीचा_रंग
डोकं एकदम छान. पिवळं, गुळगुळीत. छातीवर मात्र गुलाबी कातडी दिसतेय.

पिंपळपान
म्हणजे उपटणारी तीच. स्वतःची चोच स्वतःच्या डोक्यापर्यंत पोचत नाही ना. डोकं बोडकं असतं तर दुसरा पक्षी किंवा आजार म्हटलं असतं.

डॉ_शेपूट
सुरेख मुद्दा. फक्त पुढची पायरी लगेच 'कंटाळा' नको. किडे, बुरशी, यकृताचा त्रास, नुसत्या दाण्यांवरचा आहार, आंघोळीला पाणी नसणं, घरातला सिगारेटचा धूर. हे सगळं आधी बघून घ्या.

तसंच गिनीपिगचं. उचललं की किंचाळतो, चालायला नको म्हणतो, लोक म्हणतात 'स्वभाव'. क जीवनसत्त्व त्याला आपल्यासारखंच बाहेरून लागतं. कमी पडलं की सांधे दुखतात, आणि दुखत्या सांध्याला हात लागला तर कोण गप्प बसेल? उंदीर पाळणाऱ्यांसाठी: डोळ्याभोवती लाल दिसलं तर ते बहुधा रक्त नसतं, ग्रंथीचा लाल स्राव असतो. पण तो वाढला की समजा, ताण आहे किंवा आजार.

सगळ्यांनी एक सवय लावा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला वजन, ग्रॅममध्ये, वहीत. स्वभाव बदलला आणि वजनही घसरलं तर थांबू नका. ससा किंवा गिनीपिग १२ तास खात नसेल तर ती तातडीची वेळ आहे, 'उद्या बघू' नाही.

कासवचाल
हळूहळू पोचलो. आमचं कासव टाकीच्या काचेवर दिवसभर पाय मारायचं, सारखं चढायला बघायचं. काच म्हणजे काय ते त्याला कळत नाही, पलीकडे दिसतं तिथे जायचं असतं. खालचा वीतभर भाग बाहेरून कागदाने झाकला, टाकी मोठी केली. आता दिवसातून एखाद वेळा. बास एवढंच.

वहीतली_पानं
मृद्गंध, एक सुचवते. आठवडाभर प्रत्येक 'हल्ला' लिहून काढा. किती वाजता, त्याच्या अगदी आधी काय झालं, तिने काय केलं, मग तुम्ही काय केलंत. 'चिडली', 'मुद्दाम', 'सूड' हे शब्द बाद. फक्त कॅमेऱ्याला दिसेल ते. मी सशासाठी नाही, मुलाच्या रडण्यासाठी केलं होतं. चालतं.

सूज्ञ_सल्लागार
आता सशाची रोजनिशी. चालू द्या.

मृद्गंध
(दहा दिवसांनी)
हजर आहे. वही भरली. एकूण सहा घटना.

पाच पिंजऱ्यात. पाचही वेळा मी सफाई करत होते किंवा वाटी उचलत होते. पिंजऱ्याबाहेर एकदाही नाही! बाहेर तर ती पायांभोवती गोल गोल फिरते. सहावी घटना पलंगावरची. त्याआधीच्या ओळीत माझ्याच अक्षरात लिहिलंय: 'चादर बदलली.' मागच्या महिन्यातलं आठवून बघितलं, तेव्हाही धुतलेलीच चादर होती. म्हणजे तिच्या वासाचा पलंग मी दर आठवड्याला पुसून टाकतेय आणि ती बिचारी परत सही करतेय. आणि मी म्हणतेय माझ्याकडे बघून केलं. डोळे बाजूला आहेत तिचे, ती सगळ्यांकडेच बघत असते.

आणखी एक. शनिवारी ती तोंडात गवताची जुडी आडवी धरून फिरत होती, झुपकेदार मिशा लावल्यासारखी. मी फोटो काढून सगळ्यांना पाठवला. रविवारी कोपऱ्यात त्या गवतावर पांढरी लव पसरलेली. स्वतःच्या छातीची, गळ्याखालची. हे काय?

डॉ_शेपूट
खोट्या गरोदरपणाची लक्षणं. नर नसतानाही होतं, साधारण दोन-अडीच आठवड्यांत ओसरतं. घरटं मोडू नका, तेवढे दिवस त्या कोपऱ्यात हात नको. पुन्हा पुन्हा होऊ शकतं, म्हणून नसबंदीचा विचार करा. माद्यांमध्ये वय वाढेल तसा गर्भाशयाचा कर्करोग खूप दिसतो, तोही टळतो. तपासणी झाली का?

मृद्गंध
झाली. दाढा उत्तम, वजन १,९४० ग्रॅम. नसबंदी पुढच्या महिन्यात. आधी एका ठिकाणी विचारलं तर म्हणाले, आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा.

डॉ_शेपूट
दुसरीकडे गेलात ते बरं केलंत. सशाला उलटी करताच येत नाही, त्यामुळे त्याला कुत्र्यासारखं उपाशी ठेवायचं कारण नाही. उलट आतडं थांबायचा धोका. हा एक प्रश्न विचारला की समोरच्याला सशांचं किती कळतं ते कळतं. आणि ऑपरेशननंतर लगेच देवदूत होईल ही अपेक्षा नको. हार्मोन ओसरायला काही आठवडे जातात, सवय त्याहून जास्त टिकते.

गप्पिष्ट_आजी
तोवर सफाई कशी करतेस गं?

मृद्गंध
दार उघडून बाजूला बसते. ती बाहेर येऊन आपल्या कामाला लागली की मग हात घालते. वाटी बाहेर काढायच्याऐवजी गवत वरून टाकते. कपाळावरून मागे हात फिरवते, समोरून नाही. सफाई करताना जुनं थोडं गवत मुद्दाम आत ठेवते. पलंगावर धुतलेल्या चादरीवर तिचा जुना टॉवेल आधी पसरते. हे सुरू केल्यापासून दोनदाच गुरगुरली, दात नाही. नवरा अजून म्हणतो लाडावलीस, पण टॉवेल तोच पसरतो.

आज सकाळी माझ्या पायाच्या अंगठ्याला हनुवटी घासून गेली.

पिंपळपान
अभिनंदन! हनुवटीखाली गंधग्रंथी असते. अंगठा आता तिच्या नावावर झाला.

सूज्ञ_सल्लागार
सशीणीचा पिंजरा केवढा आहे? आमच्या धाकट्याने नवी आणलीय, तीही गुरगुरते. सहज विचारतोय.

मृद्गंध
पिंजऱ्याचं दार दिवसभर उघडंच असतं आता, बाहेर कुंपण घातलंय. तीन-चार उड्या सलग मारता आल्या पाहिजेत आणि मागच्या पायांवर उभी राहिली की कान छताला लागता कामा नयेत. टिचकी नको हं.

सूज्ञ_सल्लागार
बरं.

रात्रपाळी
माझंही ऐका. ३५ सेंमी भुसा, मोठं चाक. पहिल्या रात्री शुकशुकाट, मीच दचकून उठलो. काचेला लागून बोगदा खणलाय, त्यात झोपलेला दिसतो, पाय वर. तीन रात्री एकही 'कट' नाही. चौथ्या रात्री दोन वाजता परत सुरू झालं, पण पाचच मिनिटं. आता विचार करतोय, झोप येत नसेल तर पाचच मिनिटं ऐकायला हरकत नाही. चाकाला तेल कुठलं घालावं? करकरतंय.